गर्दी क

गासानच्या नवव्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला,
मी टॅलिसाच्या गालावर चांदणं टाकते
आणि ती राखेसारखी दिसू लागते.

आमच्या जुन्या तक्त्यात रात्र म्हणजे एक निळा थर,
सगळ्यांवर सारखाच.
गोऱ्या कातडीवर तो रेशमासारखा पडतो,
तिच्यावर बुरशीसारखा.
तक्ता ज्याने केला तो आता कंपनीत नाही.
वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त
कुणी विचारलं नव्हतं.

बरबँकहून पत्र येतं: भाग सहावा, दृश्य चाळीस,
मुलगी उडते तेव्हा काळी राहत नाही.
नम्र पत्र. शेवटी आभार.
मी निळ्याखाली गेरू घालते, मग विटकरी,
मग जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर उरतो तो रंग, चिमूटभर.
तिसऱ्या रात्री ती क्लीव्हलंडवरून उडते
आणि तिच्या कपाळावरचा घाम दिसतो.
मी उठून पाणी प्यायले.

मालिका मोठ्यांसाठी आहे.
रक्ताच्या आमच्याकडे अकरा छटा आहेत.
टॅलिसाला दोन आया आहेत;
ते मंजूर व्हायला म्हणे दोन वर्षं लागली.
फुटणारी कवटी पहिल्याच बैठकीत मंजूर झाली होती.

मग गर्दी क.
चाळीस माणसं, तीन चेहरे, आलटून पालटून.
वाटलं, एक तरी आपलं असावं.
चित्र काढणं माझं काम नाही, पण जेवणाच्या सुट्टीत
मी मालसून मावशीला काढलं:
कुरळे केलेले केस, उन्हाची टोपी, जांभळी बंडी,
डाव्या पायावर भार टाकत चालणं.
बारा चित्रं. अर्धा सेकंद.
ग्यूछलने विचारलं, ही कोण?
असेल क्लीव्हलंडची कुणी, मी म्हटलं.
त्याने ठेवली.

दृश्य पुरं होऊन आलं तेव्हा आठवलं
गर्दी क कशासाठी असते.
मनोरा कोसळतो. मावशी वर बघते,
टोपी धरते,
आणि मग छटा सातवी.

चेहरा दिला की मरणही द्यावं लागतं
हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.
त्या तीन चेहऱ्यांना तर मी पाच भाग
ढिगाने मारत आले होते,
आणि एकदाही पाणी प्यायला उठले नव्हते.

पाचला मावशी बादली घेऊन आली.
आमचा मजला तिच्याकडेच आहे.
पडद्यावर ती थांबलेली होती, मनोऱ्याच्या आधीची.
"ही बंडी माझी," ती म्हणाली. "कुठे निघालीय ही?"
बाजारात, मी म्हटलं.
"मग पिशवी कुठाय?"
आणि खुर्च्या सरकवत पुढे गेली.

उजाडेपर्यंत मी बसले.
बाराही चित्रांत पिशवी काढली,
कांद्याची पात बाहेर डोकावणारी.
पातीच्या हिरव्याला
रात्रीचा थर लावला नाही.