चार टेबलं

ओजस म्हणाला, मावशी, मशीनला आता जुनं झेपत नाही.
रविवारी येऊन सगळं पुसलं, नवीन घातलं.
फुकटचं आहे म्हणाला, व्हायरस लागत नाही,
आणि दोन पट्टी समोसे खाऊन क्लासला गेला.

सोमवारी कोर्ट नाक्यावर शटर वर केलं
तर हिरवी टेकडी नव्हती.
अकरा वर्षं तिच्यासमोर बसले होते.
येऊरचा डोंगर इथून पत्र्यांच्या वर वीतभर दिसतो,
ही मात्र अख्खी दिसायची, ढगांसकट.
आता तिथे जांभळा रंग. नुसता.
भाजायच्या आधीच्या वांग्यासारखा.

बंद करायची फुली डावीकडे आलीय.
हात अजून उजव्या कोपऱ्यात जातो.
कळव्याहून वागळे इस्टेटला राहायला आलो
तेव्हाही सहा महिने रात्री
भिंत चाचपायचा,
जिथे बटण नाही तिथे.

खिडक्या मात्र त्याच, एकीवर एक:
लिव्ह अँड लायसन्स, हरवलेली मार्कशीट,
गॅझेटमधला नावबदल.
पूर्वी खालच्या पट्टीत गुपचूप बसायच्या,
बोट लावलं की उठायच्या.
आता पट्टी कडेला उभी,
आणि खाली ढकललेली खिडकी कुठे जाते
ते तिचं तिलाच ठाऊक.

तुला चार टेबलं आहेत, मावशी, ओजस फोनवर सांगतो,
एक भरलं की दुसऱ्यावर जायचं.
मला एकच टेबल आहे, बाबा,
तेही भाड्याचं,
अर्ध्यावर झेरॉक्सचं मशीन.

बुधवारी भोईरांचं प्रतिज्ञापत्र गेलं.
दोन पानं. सात-बारावरचे बाळू
आणि आधारवरचे बाळाराम
हे एक आणि तेच इसम आहेत, इथवर आले होते,
काहीतरी दाबलं गेलं
आणि जांभळं.
भोईर स्टुलावर. नोटरी दीडला जेवायला जाणार.
एक वाजून दहा.

कीबोर्ड जुनाच आहे. एका कळीवर
आधीच्या भाडेकरूची पाटी राहिलीय,
चार तावदानांची.
ओजसचा मेसेज: ती दाब.

दाबली.
सगळ्या खिडक्या लहान होऊन
दोरीवर वाळत घातल्यासारख्या समोर आल्या.
दुसऱ्या टेबलावर बाळू-बाळाराम, शाबूत.
आणि चौथ्यावर,
जिथे मी कधी गेलेच नव्हते असं मला वाटत होतं,
एकटीच:

मी, खाली सही करणार,
सौ. मानसी विलास गोठणकर,
लग्नापूर्वीचे नाव सुरंगा दामोदर कडव,
याद्वारे जाहीर करते की

'की'पुढे कर्सर लुकलुकत होता,
सोमवारपासून.

सापडलं का, ताई?
सापडलं.
दोन प्रती काढून दिल्या. सुटे नव्हते,
दहा रुपये राहिले त्यांच्याकडे.

चारला नाका जरा थंडावतो.
ती खिडकी डाव्या कडेला ओढून पाहिली,
तर बरोब्बर अर्ध्या पडद्यात जाऊन बसली,
कुणी माप घेऊन ठेवल्यासारखी.
उजवा अर्धा मोकळा. तिथे नमुना उघडला,
लोकांसाठी दिवसातून तीनदा उघडते तोच.
त्यात 'कारण' असा एक रकाना आहे.
लोक तिथे अडतात, पेन चावतात.
मी सांगते, वैयक्तिक लिहा, चालतं.

साडेसातला बंद करायला गेले
तर म्हणाली, एक दस्तऐवज जतन केलेला नाही.
जुनी इंग्रजीत दटावायची,
ही मराठीत विचारते:
जतन करा. टाकून द्या. रद्द करा.

'रद्द करा' दाबलं.
म्हणजे बंद करणं रद्द.
राहू दे रात्रभर चालू.
मीटर मालकाचा आहे.