जादाचा पिवळा

स्ट्रॉमनेसला जानेवारीत साडेतीनलाच अंधार पडतो.
बंदरामागच्या गल्लीत थोरा फ्लेटच्या खिडकीत
दिवा मात्र सकाळपासून जळत असतो,
खाली टेबलावर जुना टर्किश टॉवेल,
काही निसटलंच तर घरंगळू नये म्हणून.

सॅन्डी फूबिस्टर रेग्युलेटर पिशवीत घालून आला,
मासे आणावेत तसा.
"तीन वर्षं झाली. गळत नाही, फुसफुसत नाही.
फेरीच्या इंजिनात जन्म गेला माझा, थोरा,
चालत्या यंत्राला बोट लावू नये.
वहीत शिक्का तेवढा मार."
मग जरा थांबून,
"बरं, माझा उघड हवा तर.
पिवळा राहू दे. तो आजवर कुणी तोंडात घातलेलाच नाही."

थोरानं पिवळाच आधी उचलला.

पिवळा म्हणजे जादाचा.
खाली, बुडालेल्या जहाजाच्या कुशीत
सोबत्याची हवा संपली तर त्याच्या हाती द्यायचा.
गढूळात दिसावा म्हणून पिवळा.
टाकी आपल्या पाठीवर,
तोंड दुसऱ्याचं.

झाकण फिरवलं, डायफ्रॅम उचलला.
वाळू. मिठाची सुकी साय.
आणि श्वास बाहेर सोडायच्या रबरी पाकळीखाली
शेवाळाचा एकच धागा, केसाएवढा,
पाकळी नीट मिटू न देणारा.
"यातून अर्धी हवा आली असती," थोरा म्हणाली,
"आणि अर्धा समुद्र."

सॅन्डीनं टोपी काढली. पुन्हा घातली.

मग फर्स्ट स्टेजला गेज लावलं.
काटा साडेनऊ बारवर गेला,
थांबायचं तिथे थांबला नाही.
दहा. थोड्या वेळानं सव्वादहा.
कुणी बघत नाहीसं वाटून
रांगेत हळूच पुढे सरकणाऱ्या माणसासारखा.
"गळतंय की. फक्त आतल्या आत."
सीटवर गोल वण,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा.
फिल्टर हिरवा. कल्हई उडालेल्या भांड्यात
ताक कळकावं, तसं सगळं पितळ कळकलेलं.

मी धुते. व्हिनेगरचं पाणी, मऊ ब्रश,
मग नव्या ओ-रिंगा, ग्रीसचं बोट, नावापुरतं.
सुटे भाग मी मोजते. नंतर ती मोजते.
चहा होतो. ती पुन्हा मोजते.

का, ते गाडीत सांगितलं एकदा, न विचारता.
अकरा वर्षांपूर्वी टॉवेलच्या लवेत
एक वॉशर उरला होता.
रात्री दहाला तळव्याला टोचला.
कुणाचा, ते कळेना; त्या दिवशी चार उघडले होते.
पहाटे पाचला ती धक्क्यावर उभी,
होडीत चढणाऱ्या एकेकाकडे हात पसरून:
द्या परत, द्या परत.
लोक हसले. एकानं शिवी दिली.
"दुरुस्तीनंतरची पहिली बुडी
मला सगळ्यात जास्त भ्यायला लावते," म्हणाली,
आणि वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

तिसऱ्या दिवशी ड्रायसूट चढवून
धक्क्याच्या शिडीनं ती स्वतः उतरली.
तीन मीटर. पाणी सहा अंश.
वर मी, आणि सॅन्डी, हात बगलेत.
बुडबुडे येत राहिले,
मग थांबले.
सॅन्डी ओठांतल्या ओठांत आकडे म्हणू लागला.
सातवर पुन्हा आले, पहिल्यापेक्षा जरा उजवीकडे.
"आता पिवळा," मी म्हटलं.
"माहितेय," तो म्हणाला, फार मोठ्यानं.

वहीत शिक्का बसला, तारीख पडली.
सॅन्डीनं बिलावर चष्मा सरकवला.
"पिवळ्याचे वेगळे लावलेस?"
"लावले," थोरा केस पुसत म्हणाली.
"ज्याच्या तोंडात जाईल
त्याच्याकडून घे."