कच्चा टाका

जेनोवात दोजेचा झगा एकच.
आत शिरणारी माणसं बदलतात.
आई तो आखूड करायची, मी बहुधा लांब करते.
किरमिजी मखमलीच्या घेरात
चौघांच्या दुमडी आहेत, एकावर एक,
आणि डाव्या काखेखाली एक डाग,
ज्याबद्दल राजवाड्यात कुणी बोलत नाही.

यावेळी आणला तो लांझारोत्तो,
धक्क्यावर दोर वळणारा.
सकाळी मासळीबाजारात कुणीतरी त्याचं नाव ओरडलं,
मग दहाजण, मग अख्खी गल्ली,
आणि दुपारी तो माझ्यापुढे उभा, हात पसरून,
झडती द्यावी तसा.

अंगाला डांबराचा वास.
तळवे इतके खरखरीत
की मखमलीवरून फिरवले की तंतू निघायचे.
"नीट शिव गं बाई," म्हणाला,
"जिन्यावर पाय अडकून पडायला नको."
हो हो, म्हटलं मी, तोंडात टाचण्या धरून.
आणि कच्चाच टाका घातला.

पहिल्या दिवशी त्यानं पावाचा भाव उतरवला.
दुसऱ्या दिवशी भाव होता, पाव नव्हता.
सही येत नव्हती, म्हणून
हुकमाखाली एक गाठ काढायचा,
कारकून पोमेलो तिच्याकडे बघायचा
पानावर झुरळ बसल्यासारखा.

तिसऱ्या रात्री डोंगराकडून वारा सुटला
आणि बुरुजाबुरुजांवर मशाली.
खालच्या गर्दीत तेच आवाज होते, ओळखीचे,
फक्त नाव दुसरं घेत होते.
माझ्या भावाचाही होता त्यात.
मी खिडकी लावून घेतली.

लांझारोत्तो बाकावर बसून घेर चाचपत होता.
बोटं थांबली.
आयुष्यभर दोर वळलेला माणूस,
त्याला काय कळायचं राहतंय?
"ही सुटायसाठीच घातलीय," म्हणाला.
माझी मान वर होईना.
"बरोबर आहे. नांगराची गाठ वेगळी,
धक्क्याला बांधायची वेगळी.
एका हिसक्यात सुटली नाही
तर वादळात होडी धक्क्यावरच फुटते."
मग सुई मागितली. मी दिली.

पहाटे भाजीच्या दारानं गेला म्हणतात.
कुणी म्हणतं कॉर्सिकाला, कुणी म्हणतं समुद्राच्या तळाला.
झगा बाकावर होता, घडी घालून,
घडी वाकडी, पुरुषाची.

नवा दोजे उंच आहे, मोठ्या घरातला,
हात गुलाबाच्या पाण्याचे.
मी धागा ओढला, घेर सळसळत मोकळा झाला,
एका जागी मात्र अडला.
बारीकशी गाठ. माझी नव्हे.
कात्री लावली, दात लावले,
सुटेना.

राहू दिली.
दरबारात उभं राहून राहून
नवा दोजे मध्येच घोट्याशी हात नेतो,
काय टोचतंय म्हणून विचारतो.
मी सुईत दोरा ओवत असते.
कच्चाच.