ओढ

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, आमच्या धुरीघरात
हॅडॉक आधी मिठाच्या पाण्यात पडतो.
मीठ त्याच्यातलं पाणी ओढून घेतं,
उरलंसुरलं रात्रभर ओकचा भुसा.
सकाळी सळईवरचे मासे
पिवळे, घट्ट, हलके.
काट्यावर टाकल्यावर कळतं
किती पाणी होतं एकेकात.

एकोणचाळीस वर्षं मी त्यांच्याखाली उभा,
वर स्वतःच्या दिवसाला वीस, वेगळ्या.
कुणी म्हटलं नाही,
नेव्हिल, तूही लटकलायस.

आता खिशात हे, पेनाएवढं, पुदिन्याच्या वासाचं.
काडी नाही, राख नाही,
वाऱ्याला पाठ करून
ओंजळीत ज्योत जपणं नाही.
हातांनाच त्याची जास्त चुटपुट.

तिसऱ्या दिवशी जीभ टाळूला चिकटली.
तलफ असणार, म्हणून ओढलं.
आणखी कोरड. आणखी ओढलं.
ओठाला भेग, कपाळात ठणका,
पाव घशाखाली उतरेना.
रागारागात कोटाचे सगळे खिसे उलटे केले,
एखादी जुनी सापडते का बघायला.
सापडली असती तर
ही कविता नसती.

दवाखान्यातली टेंडाई, हरारेची,
तिनं छाती तपासली, मग विचारलं,
आज पाणी किती प्यायलात?
मी विचारलं, चहा धरायचा का?
धरा, ती हसली, पण पाणीही धरा.
ही वाफ तहानलेली असते,
तुमच्याच तोंडातलं पाणी ओढते.
तहान लागायची वाट बघू नका.

ओढते, म्हणाली.
मला मिठाचं पिंप आठवलं.

लोरेन रोज रात्री माझ्या उशाशी
पाण्याचा पेला ठेवायची.
मी त्यात राख झाडायचो.
ती सकाळी काही न बोलता धुवायची,
रात्री पुन्हा भरायची.
किती वर्षं, ते मोजायला
आता तीही नाही.

तो पेला मी शोधून काढला.
बुडाला करडं वर्तुळ, घासून जात नाही.
रात्री दोनला घसा उठवतो,
अंधारात हात जातो, आणि पेला भरलेला असतो,
कारण झोपण्याआधी मीच भरलेला असतो.
तरी क्षणभर वाटतं.

नळाच्या पाण्याला इथे खडूची चव आहे.
साठीला आलो, आत्ता कळतंय.
दोन घोट घेतो. थांबतो. आणखी एक.