पेन्सिलीनं

वही माझ्याकडे होती.
हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना
मला साळसूद समजू नका.

क्लायपेदा बंदराच्या मागे, हेरिंग गोठवायची कंपनी.
कामगार एकशे चाळीस, संडास तीन,
त्यातल्या एकाची कडी मोडून दोन हिवाळे झालेले.
कडीसाठी अर्ज तीनदा गेला.
उत्तरादाखल आली ही वही :
नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ,
आणि शेवटी एक रुंद रकाना— कारण.

कारण काय लिहायचं, गिंतौतासनं विचारलं.
सहा तास बर्फात उभा असलेला माणूस
संडासला का जातो, याला
साहेबी भाषेत शब्द असेल तर सांगा.
मी लिहिलं : वैयक्तिक.
मग सगळ्यांचंच वैयक्तिक.

शारूनास साहेब तसे वाईट नाहीत,
असं आम्ही त्यांच्याविषयी बोलण्याआधी म्हणायचो,
जेवणाआधी हात धुवावेत तसं.
आवाज कधी चढवत नसत.
इतकं हळू बोलत
की ऐकायला आपल्यालाच वाकावं लागे.
दर सोमवारी : आपण एक कुटुंब आहोत.
कुटुंबात असतं तसं होतंच म्हणा,
एकाच्या ताटात जास्त,
आणि ते बोलून दाखवायची सोय नाही.

झिविलेला पाचवा महिना होता.
कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की करार संपतो,
हे कुठल्याच फलकावर नव्हतं, सगळ्यांना पाठ होतं.
वहीत मात्र ती दिसायला लागली :
९.१०. ९.५५. १०.४०.
वाचता येणाऱ्याला वाचता येईल असं.
मला येत होतं.

मी पेन्सिलीनं लिहायला लागले.
थंडीत पेन चालत नाही, साहेबांना सांगितलं.
ते खरंही होतं.
संध्याकाळी हीटरपाशी बसून
तिच्या पाच खेपांतल्या दोनच ठेवायचे,
एक टाकायचे विर्गिनियाच्या नावावर, एक माझ्या,
एक म्हाताऱ्या ब्रोन्यूसच्या.
त्याला विचारलं नव्हतं.
एकदा त्यानं वही आपल्याकडे फिरवली,
स्वतःच्या नावापुढच्या खेपा बोटानं मोजल्या,
म्हणाला, फार पाणी पितो की मी हल्ली,
आणि हातमोजे चढवले.

याला शौर्य म्हणू नका.
याच वहीवरून मार्चमध्ये
दाइवाचे एकोणीस युरो कापले गेले.
ते आकडे पेनाचे, ठळक, माझ्याच वळणाचे.
दाइवा भांडली नाही.
डब्यातलं बीटचं सूप ती रोज
अर्धं माझ्या कपात ओतायची,
ते थांबलं.

मग मुख्य कचेरीतून प्रश्नावली आली.
तुम्ही किती समाधानी, एक ते दहा. नाव लिहू नये.
मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक,
प्रत्येकाचा हजेरी क्रमांक.
आम्ही नऊ लिहिलं. दहा लिहिलं असतं तर
थट्टा वाटली असती.

उन्हाळ्यात प्रमाणपत्र आलं, काचेच्या चौकटीत :
कामासाठी उत्तम जागा.
ते लावायला त्याच दिवशी ड्रिल आलं, स्क्रू आले,
दोन माणसं आली, लेव्हल बघायला तिसरा.
संध्याकाळपर्यंत ड्रिल तिथेच पडून होतं.
गिंतौतासनं उरलेल्या स्क्रूंनी
कडी बसवली.
चार मिनिटं लागली.

सोमवारी साहेबांनी हळूच विचारलं, कुणाच्या परवानगीनं.
कुणीच वाकलं नाही ऐकायला.
तेव्हा वही मागवली. त्या वेळी जागेवर कोण नव्हतं ते बघायचं होतं.
पान काढलं. तिथे इतकं खोडलेलं, लिहिलेलं, परत खोडलेलं
की कागदाचं साल निघालेलं.
त्यांनी तो खिडकीशी उजेडाला धरला,
आरपार दिसली खाडी, पलीकडे निघालेली फेरीबोट,
तिच्यावरचे सीगल सुद्धा.

बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, कागद हलका लागलाय.
पुढच्या वेळी जाड मागवा.