अठ्ठावीस दिवस

दर अठ्ठाविसाव्या दिवशी
जुबेदाचाची होडेकर माझ्या पायरीवर.
मुठीत शंभराच्या तीन नोटा.
"तोच मार रे, दीड जीबीवाला."

मुनाफ बोटीवर लागला त्या साली
मीच टाकून दिलं होतं तिच्या फोनात ते जहाजांचं ॲप.
निळ्यावर हिरवे त्रिकोण,
त्यातला एक तिचा.
घरात रेंज नाही, म्हणून सड्यावर चढायची,
कातळावर बसून एडन, सुएझ, रॉटरडॅम
बांगड्याचे भाव सांगावेत तशी सांगायची.

मुनाफ बोटीवरून उतरला, त्याला चार वर्षं झाली.
पनवेलला गाळा आहे, एसी दुरुस्तीचा.
रोज रात्री फोन करतो.

"मग आता कोणाला बघतेस, चाची?"

"बोटीला.
सांतोसला तीन दिवस बाहेरच उभी केलीय.
आत घेत नाहीत तिला."
जरा थांबून,
"आणि तू रे? रात्री दोनला
तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका असतो, तो कोणासाठी?"

मी नंबर विचारला नाही, पाठच आहे.
दोनशे नव्याण्णव.
रुपया सुटा नव्हता.
"ऱ्हवूंदे," म्हणाली, "पुढच्या टायमाला."