हातचा

गोदाम क्रमांक तीन, कोउवोला. बाहेर उणे एकवीस.
कागदाची रिळं छतापर्यंत, एकेक बैलाच्या वजनाचं,
आणि फोर्कलिफ्टवरून सातू विचारते,
"हे काळं डबडं करतं काय?"
काही करत नाही, मी म्हणते. बसून राहतं.
दोन महिने.

आत नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो.
हवेतलं जे दिसत नाही ते त्याच्यावर ओरखडतं.
मग प्रयोगशाळेत तो तापलेल्या सोड्यात टाकायचा
की ओरखडे खोल होतात, दिसू लागतात,
आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते मोजते,
तांदळातले खडे वेचावेत तसे,
एकेक.

इथल्या खडकाचं नाव राप्पाकिवी. कुजका दगड.
त्याच्यावर फरशी ओतली, फरशीवर भिंती, भिंतींत हीटर,
आणि तापलेली इमारत हिवाळाभर
खालची हवा ओढून घेत राहते भेगाभेगांतून.
वास नाही. रंग नाही. खोकलाही नाही,
निदान वीस वर्षं तरी नाही.

मोठ्या दालनात एकशे चाळीस. धक्क्यापाशी नव्वद.
मागच्या पावत्यांच्या खोलीत
एक हजार एकशे ऐंशी बेकरेल.

मर्यादा तीनशेची.

पण आकड्याला एकट्याला अर्थ नसतो.
आकडा गुणिले तास. म्हणून मी विचारत फिरते,
कोण कुठे किती वेळ.
सातू म्हणाली, मी त्या खोलीत जातच नाही, तिथे रेयो असतो.
रेयो म्हणाला, अर्धा तास. दिवसाला. फार तर.
एकसष्ट वर्षांचा, जाड बोटांचा,
ताकास तूर लागू देत नाही.

मग मी त्या खोलीत दुसरं यंत्र ठेवलं,
तासातासाला लिहिणारं.
आठवड्याने कागदावर रेघ आली:
पाचला पंखा बंद, रेघ चढते,
सहा, सात, आठ, चढतच जाते,
आणि रोज रात्री पावणेदहाला
कचकन खाली. जरा वेळाने पुन्हा वर.
रविवारीसुद्धा.

दार उघडल्याशिवाय रेघ अशी पडत नाही.

तो माझ्याकडे नाही, रेघेकडे बघत राहिला.
भावाने काढलेला आपला फोटो बघावा तसा.
मग म्हणाला, "इथे हीटर चांगला आहे."
मग म्हणाला, "घरीही आहे तसा."
टेबलाखाली शब्दकोड्यांचे अंक, एक थर्मास,
बायकोची लोकरी चप्पल, एकच जोड,
त्याच्या पायाला लहान होणारी.
फरशीतली भेग त्याने वर्तमानपत्राने बुजवली होती,
गार वारा येतो म्हणून.

घर चौथ्या मजल्यावर. तिथे मी मोजलं असतं
तर तीस-चाळीस निघाले असते, जास्त नाही.
अगदी निर्धोक हवा.
हे मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, "हो. तिथली हवा फार स्वच्छ आहे,"
आणि थर्मासचं झाकण
उगाच घट्ट केलं, पुन्हा सैल केलं.

लहानपणी बेरीज शिकवताना बाई म्हणायच्या,
हातचा विसरलीस की सगळं चुकतं.
पाच तास रोज, आणि तीन हिवाळे.
मी तक्त्यात खरे तास लिहिले.
खोटे लिहून त्याला काय मिळणार होतं?
फरशीखाली नळी घालून हवा उपसा, पंखा रात्रीही चालू ठेवा,
भेगा भरा, वर्तमानपत्राने नव्हे.
मालकांनी मान डोलावली. नळी उन्हाळ्यात, म्हणाले,
जमीन मऊ झाल्यावर.

निघण्याच्या दिवशी सातू आणि मी
त्याची खुर्ची लोखंडी जिन्याने माळ्यावर नेली,
जिथे रिळांच्या वर एक खिडकी आहे
आणि यंत्र पंचाण्णव दाखवतं.
थर्मास तो स्वतः घेऊन आला.
चप्पल नाही आणली. मी विचारलं नाही.

अहवालात शेवटी शेरा नावाचा रकाना असतो,
बहुतेक रिकामाच जातो.
मी लिहिलं: खुर्ची वर हलवली.
पुढची मोजणी नोव्हेंबरात.